व्याह्यांच्या गळाला लागलेला मासा

"बाबा, नाही म्हणू नका. ते स्वतःहून कधी कुणाला बोलावत नाहीत," लेक फोनवर म्हणाली, तेव्हा टेलरमास्तरांच्या हातातली कात्री कोटाच्या बाहीवर तशीच थांबली.

"अगं पण मासे पकडायला? मी जन्मात गळ हातात धरलेला नाही."

"मग धरा की! मला सहा महिने झाले या घरात येऊन. सासरे माझ्यावर खूश आहेत की नाराज, काही म्हणजे काही कळत नाही. तुमच्याशी दोन शब्द बोलले तर अंदाज तरी येईल."

व्याह्यांचं औषधांचं दुकान होतं आणि शब्दही ते गोळ्यांसारखे मोजून देत. लग्न ठरलं तेव्हा ते "बरं" म्हणाले होते, आणि लग्न पार पडल्यावर "झालं" म्हणाले होते. एवढ्या भांडवलावर लेकीनं संसार मांडला होता. तिच्यासाठी मास्तर तयार झाले. रविवारी सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात सवयीनं दोरे कापायची छोटी कात्री टाकून ते नदीच्या धक्क्यावर हजर झाले.

आणि काय आश्चर्य! नदी दिसताच व्याह्यांना कंठ फुटला.

"हे बघा, नवशिक्यानं जागा नीट निवडायची. धक्क्याच्या टोकाला पळायचं नाही. हे लाकडी खांब आहेत ना, त्यांच्या सावलीत मासे असतात. खांबांच्या शेजारी बसायचं आणि गळ कडेनं अलगद सोडायचा. मागून कोणी येत नाही ना, ते आधी बघायचं. बसा तुम्ही इथं."

जागा झकास होती, पण एकाच माणसापुरती. व्याह्यांना उभं ठेवून आपण बसायचं? मास्तरांच्या अंगावर काटाच आला.

"छे छे! तुम्ही बसा."

"अहो, तुम्ही पाहुणे."

"पाहुणा कसला, घरचाच की मी. तुम्ही वडीलधारे."

"मी तुमच्यापेक्षा लहान आहे."

"मानानं मोठे आहात!"

हा सोहळा इतका रंगला, की एक आजीबाई बादली घेऊन आल्या, दोघांच्या मधून वाट काढत त्या जागेवर बसल्या आणि गळ टाकून मोकळ्या झाल्या. लगेच त्यांना मासाही लागला. व्याह्यांनी एक सुस्कारा सोडला आणि दोघं निमूटपणे पुलावर गेले.

पुलाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे वाहत जातं तिकडच्या कठड्याला, गळवाले दाटीवाटीनं उभे होते. एका टोपीवाल्यानं सरकून थोडी जागा दिली.

"या, दोघं मावू इथं," व्याही म्हणाले.

"तुम्हाला अडचण कशाला? मी आपला समोरच्या कठड्याला उभा राहतो. उजेडही छान आहे तिकडे."

"तिकडे नको. ती वरची बाजू. तिथून टाकलेला गळ वाहत पुलाखाली येतो."

आता व्याह्यांमध्ये 'नको' हा शब्द कोणी खरा धरतं का? पहिला चहाही 'नको' म्हणूनच घ्यायचा असतो. मास्तरांनी हसून हात जोडले, रस्ता ओलांडला आणि रिकाम्या कठड्यावरून व्याह्यांनीच दिलेला गळ झोकात पाण्यात सोडला. दोरी भराभरा सुटत गेली. कुठे गेली, ते त्यांना काही दिसलं नाही.

थोड्या वेळानं काठीला हिसका बसला. मास्तर दचकले, मग हरखले. त्यांनी जोर लावून दोरी ओढली.

त्याच क्षणी रस्त्यापलीकडून व्याह्यांची आरोळी आली, "लागला! लागला!"

मास्तरांची दोरी सरसर मागे खेचली गेली. त्यांनी पाय रोवले आणि पुन्हा ओढली.

"धूड आहे धूड!" पलीकडून व्याही ओरडले. "काठी मोडतो की काय!"

पुलावरचे सगळे गळवाले तिकडे धावले. टोपीवाल्यानं व्याह्यांची कंबर धरली. "सोडू नका साहेब, दमवा त्याला!"

मास्तर घामाघूम झाले होते. हाताला रग लागली म्हणून त्यांनी जरा ढील दिली, तशी पलीकडे जल्लोष उसळला, "येतोय, येतोय!" त्यांनी पुन्हा आवळली, तर "अरे, खाली गेला!" असा हाहाकार. मास्तरांनी खात्री करायला एकदा ढील दिली. जल्लोष. एकदा ओढली. हाहाकार.

मास्तरांना आता सगळं उमगलं. व्याह्यांच्या गळाला लागलेलं ते धूड म्हणजे साक्षात मुलीचे वडील होते!

त्यांनी मान वळवून पाहिलं. व्याह्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तो आनंदानं नुसता फुलला होता. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्या माणसाचा एवढा खुललेला चेहरा आला नव्हता. आता हा गुंता वर आला, की साऱ्या गळवाल्यांत त्यांचं हसं होणार, तेही सुनेच्या बापापायी. मग लेकीनं त्या घरात तोंड कसं दाखवायचं? शिवणयंत्रावर दोरा गुंतला की मास्तर विचार करत बसत नसत. त्यांनी खिशातली कात्री काढली आणि कच्चकन आपलीच दोरी कापली.

पलीकडे व्याही टोपीवाल्यासकट धाडकन मागे बसले.

"सुटला!" सगळा पूल हळहळला.

दुपारी लेकीच्या घरी जेवताना व्याही ताटाकडे न बघता बोलत होते. मास्तर मान खाली घालून भात कालवत होते.

"असा ओढत होता, असा!" व्याही म्हणाले.

"लग्न झाल्यापासून आम्ही सुटलेलेच मासे जेवतोय," विहीणबाई वाढता वाढता म्हणाल्या. जावईही गालातल्या गालात हसला. व्याह्यांचे हात हवेतच राहिले. ते हळूच खाली येऊ लागले, तोंडही मिटू लागलं.

मास्तरांना ते बघवेना. "विहीणबाई, मासा मी पाहिलाय," ते ठासून म्हणाले.

विहीणबाई वाढायच्या थांबल्या. "काय सांगता! केवढा होता?"

मास्तर उठले. गळ्यातली टेप नव्हती म्हणून त्यांनी हवेतच वीत वीत मोजायला सुरुवात केली. "लांबी इथपासून... अशी... ती पाण्याच्या घड्यापर्यंत. पोटात घेर जावईबापूंच्या कंबरेएवढा. नवा कोट शिवायचा तर दोन मीटर कापड लागलं असतं, अस्तर वेगळं."

"माशाला अस्तर!" लेकीला हसू आवरेना. तिला ठसका लागला, मग विहीणबाईंना लागला, जावयाच्या हातातली वाटी कलंडली, आणि व्याही "बघा, मी सांगत नव्हतो!" म्हणत टेबलावर थापा मारू लागले.

निघताना व्याही एकटेच फाटकापर्यंत आले. इकडे तिकडे बघून त्यांनी खिशातून काहीतरी काढलं आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवलं. तो मास्तरांचा गळ होता, वर कात्रीनं कापलेला दोरीचा तुकडा.

"माझ्या गळात अडकून वर आला," व्याही म्हणाले. "मी पटकन खिशात घातला."

मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "माफ करा हो. मला वाटलं, तुमचा मान..."

"माफी कसली? मीच तुमचे आभार मानायला आलोय." व्याह्यांनी घराकडे एक नजर टाकली. "सूनबाई या घरात आल्यापासून आज पहिल्यांदा मोकळेपणी हसली. मला बोलता येत नाही, मास्तर. नाहीतर तिला कधीच सांगितलं असतं, की तू आलीस आणि घराला घरपण आलं. फार गुणाची पोर दिलीत आम्हाला."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी व्याह्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. "हे तिला सांगा हो. आजच सांगा. माझ्यावर उपकार होतील."

"सांगतो," व्याही म्हणाले. चार पावलं जाऊन ते परत वळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आणि हो, माशाचं माप ध्यानात ठेवा. संध्याकाळी माझे थोरले भाऊ विचारायला येणार आहेत."