चौदा दिवसांचं शेवाळ

"चारशे शहाऐंशी!"

शुगर मोजायच्या मशीनवर आकडा उमटला आणि दिवाणखान्यातल्या चार माणसांचे आठही डोळे पांढरे झाले. आईच्या हातातला ट्रे तिरका झाला आणि विज्ञानाच्या बाईंसाठी आणलेला चहा बशीत, बशीतून ट्रेमध्ये आणि ट्रेमधून थेट बाईंच्या पर्सवर उतरला. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या आजोबांकडे बघत होत्या. आजोबा आपल्या बोटाकडे बघत होते, जणू ते बोट दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

टकळीची मात्र वाचाच बसली. आणि टकळीची वाचा बसणं ही त्या घरातली ऐतिहासिक घटना होती. नववीत गेल्यापासून ती झोपेतसुद्धा भाषण करायची, म्हणून तर हे नाव पडलं होतं.

काल तेरावा दिवस होता. काल आकडा होता एकशे एकोणतीस.

हे सगळं सुरू झालं ते मावशीमुळे. मावशी एका प्रयोगशाळेत समुद्री शेवाळ वाळवायची, दळायची आणि त्यातून काय काय वेगळं काढायची. "तपकिरी शेवाळात एक चिकट पदार्थ असतो," तिने सांगितलं होतं. "पोटात गेला की त्याचा जेलीसारखा लगदा होतो. मग जेवणातली साखर रक्तात धावत न जाता रांगेत, शिस्तीत जाते. असा अंदाज आहे हं, अजून अभ्यास चालू आहे. औषध नाही हे, कळलं?"

टकळीला "अंदाज आहे" पर्यंतचं सगळं कळलं. पुढचं तिने कानाआड केलं, कारण तोवर तिच्या डोळ्यांपुढे विज्ञान प्रदर्शनाचं पहिलं बक्षीस नाचायला लागलं होतं. घरात आजोबा होते, आजोबांना मधुमेह होता, आणखी काय हवं! मावशीने खायला चालणारी शेवाळाची पूड दिली. दोन मजले खाली राहणाऱ्या डॉक्टरांनी गोळ्या चालूच ठेवायच्या या अटीवर मान डोलावली. सकाळची शाळा सुटली की टकळी घरी यायची, जेवणाआधी आजोबांच्या हातात हिरवट, बुळबुळीत पाण्याचा ग्लास ठेवायची आणि दोन तासांनी सुई टोचून आकडा वहीत लिहायची.

"वास फार येतो गं. गॅलरीत वाऱ्याला उभा राहून पितो," आजोबा म्हणायचे आणि शहाण्या मुलासारखा रिकामा ग्लास परत आणून द्यायचे.

आकडे काय सुंदर उतरले! एकशे ब्याण्णव, एकशे ऐंशी, एकशे एकसष्ट... टकळीने तक्ता केला, त्यावर घसरगुंडीसारखी लाल रेघ काढली आणि शाळाभर सांगत सुटली. इतकी, की बाई म्हणाल्या, "शेवटचं मोजमाप मी स्वतः येऊन बघणार. उद्या परीक्षकांपुढे माझीही अब्रू पणाला आहे."

आणि आता बाईंच्या डोळ्यांदेखत घसरगुंडी उलटी होऊन छताला लागली होती.

"अण्णा, चक्कर येतेय का? जीभ कोरडी पडलीय का? मी कोण आहे, ओळखलंत का?" आईने एका दमात विचारलं.

"तू माझी सून आहेस आणि तू माझ्या अंगावर चहा सांडते आहेस," आजोबा म्हणाले. पण त्यांचाही आवाज जरा चिरकला होता.

आतून बाबा धावत आले. त्यांच्या एका पायात बूट होता, दुसऱ्यात आईची चप्पल. "गाडी काढतो! किल्ली कुठाय? किल्ली!" किल्ली त्यांच्या दातांत होती.

टकळीला रडू फुटलं. "मीच केलं हे! मावशी म्हणाली होती औषध नाही म्हणून! आजोबा, मला नको ते बक्षीस, तुम्ही फक्त बरे राहा!"

बाईंनी तेवढं एक शहाणपणाचं काम केलं. जिन्यातून दोन मजले उतरून त्या डॉक्टरांनाच घेऊन आल्या. डॉक्टर घरातल्याच कपड्यांत होते, गळ्यात स्टेथोस्कोप आणि खांद्यावर टॉवेल. त्यांनी आजोबांची नाडी बघितली, डोळे बघितले, मशीनवरचा आकडा बघितला.

"टोचायच्या आधी हात धुतले होते?"

टकळीचे हुंदके थांबले. रोज ती आजोबांना साबणाने हात धुवायला लावायची. आज बाई समोर बसल्या होत्या, भाव खायची घाई होती.

"जा, धुऊन या."

आजोबा हात धुऊन आले. नवी पट्टी, नवं बोट. सगळ्यांनी श्वास रोखला.

एकशे एकतीस.

"मग मघाचं बोट गोड होतं," डॉक्टर म्हणाले. "काय लावलं होतंत, अण्णा?"

आजोबांनी छताकडे बघितलं. मग खिडकीकडे. आईने मात्र सरळ त्यांच्या खोलीकडे बघितलं आणि उठली. आजोबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. त्यांच्या हत्यारांच्या पेटीला घरात कुणी हात लावत नसे. आईने आज लावला. चिमटे आणि स्क्रू ड्रायव्हरच्या खालून स्ट्रॉबेरी जॅमची बाटली निघाली.

"अण्णा!!"

"चौदा दिवस पुरे झाले म्हणून एक बोट, एकच बोट बुडवलं होतं," आजोबा कळवळून म्हणाले. "तेवढ्यात या बाईंनी बेल वाजवली. घाईघाईने रुमालाला पुसलं. देवाशपथ, चाटायलासुद्धा वेळ मिळाला नाही!"

बाबांनी दातांतली किल्ली काढली आणि पहिल्यांदाच हसले. टकळी तर उडीच मारणार होती. तक्ता वाचला! शेवाळ जिंकलं!

"तरी म्हटलं," डॉक्टर टॉवेल सावरत म्हणाले, "रोज एवढे जिने चढणाऱ्या माणसाची शुगर चारशेवर जाईलच कशी?"

"कुठले जिने?" टकळीने विचारलं.

"अगं, रोज दुपारी जेवण झालं की माझ्या दारावरून पाच वेळा वर, पाच वेळा खाली. हातात घड्याळ धरून. मला वाटलं, काहीतरी हरवलंय, तेच शोधतायत."

सगळ्यांच्या माना आजोबांकडे वळल्या. 

"आजोबा," टकळी हळूच म्हणाली, "तुम्ही शेवाळ पीत होतात ना?"

आजोबांनी मान खाली घातली. "नाकाशी नेलं की पोटात ढवळायचं गं. कुंडीत ओतत होतो. पण तू ती रेघ काढताना इतकी खूश दिसायचीस... रेघ वर गेली असती तर तुझं तोंड बघवलं नसतं मला. म्हणून म्हटलं, आपण चालून खाली आणू."

"कुठल्या कुंडीत?" आईचा आवाज आला. गॅलरीतल्या जास्वंदीला यंदा अकरा फुलं आली होती. आईने त्याचं श्रेय आपल्या हाताच्या गुणाला देऊन त्या फुलांचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते. आजोबांनी त्याच कुंडीकडे बोट दाखवलं. आई मटकन खाली बसली.

"मी काही बोलणार नाही उद्या," आजोबा कुजबुजले. "बाईसुद्धा बोलणार नाहीत. हो ना, बाई?"

 बाईंनी टकळीकडे बघितलं. टकळीने नाक पुसलं, पेन उचललं आणि तक्त्यावरचं झोकदार शीर्षक आडवं खोडून खाली लिहिलं : 'जेवणानंतर जिना : आजोबांना. समुद्री शेवाळ : फक्त जास्वंदीला.'

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी त्याच टेबलाशी होती. एकीकडे तक्ता, एकीकडे अकरा फुलांची कुंडी आणि मधे इस्त्रीचा शर्ट घातलेले आजोबा. परीक्षक हसून हसून लाल झाले होते.

"पण काय हो," त्यांनी डोळे पुसत विचारलं, "हे शेवाळाचं पाणी लागतं तरी कसं?"

आजोबा गडबडले. टकळीने टेबलावर मांडलेला शेवाळाच्या पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला. चाळीस माणसं बघत होती, गॅलरी कुठेच नव्हती. आजोबांनी नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि एक घोट घेतला.

मग त्यांनी नाक सोडलं. डोळे उघडले. आणखी एक घोट घेतला. मग सगळा ग्लास.

"अगं टकळे," ते हादरून म्हणाले, "हे तर चांगलं लागतं! आणि मी मेला चौदा दिवस जिने चढत बसलो!"

"जिने चालूच राहणार हं, अण्णा," गर्दीतून डॉक्टरांचा आवाज आला.

टकळीने वहीचं कोरं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'दिवस पहिला'. मग आजोबांना म्हणाली, "आधी हात धुऊन या."