लाल माठ, हिरवा माठ आणि मामांचं धोतर

शहादेवानं प्रयोग घरीच करायचं ठरवलं आणि तिथंच माती खाल्ली.

बीडच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात तो तिसऱ्यांदा बसला होता. लग्न झालेलं, पण बायको सत्यभामा अजून नांदूरघाटला बापाकडंच. सासरे विठ्ठलराव पक्के माळकरी. जावयाचं एकंदर बघूनच लेक नांदायला पाठवायची की नाही ते ठरवणार होते, आणि त्यासाठी नेमके आजच येणार होते. (असल्या दिवशी शहाण्या माणसानं अंघोळ करून गप्प बसावं.)

पण सायन्सच्या उस्तादांनी वर्गात विचारलं होतं, उन्हात लाल पान जास्त अन्न तयार करतं की हिरवं? पान स्पिरिटात उकळून रंग काढायचा, वर आयोडीन टाकायचं. ज्यात स्टार्च जास्त, ते जास्त काळंनिळं होणार. शहादेवानं आयोडीन दवाखान्यातून मिळवलं. स्पिरिट कुठंच मिळेना, म्हणून मोहाची दारू आणली.

उकळत्या पाण्यात दारूचा गडू ठेवून त्यानं माठाची पानं आत सोडली. वास माजघरातून थेट गल्लीत गेला.

"मुडद्या, शेजारी देवघर हाय!" त्याची आई भिवराबाई नाकाला पदर लावून ओरडली.

लाल माठानं दारू गुलाबी केली, हिरवा माठ हिरवाच राहिला. शहादेव रडकुंडीला आला. गडू हातात धरून तो आत डोकावत होता, तेवढ्यात दारात विठ्ठलराव उभे. अंगावर वेशीपाशी बदलून नेसलेलं, भाताच्या पेजेची कडक खळ दिलेलं पांढरंशुभ्र धोतर.

"काय हाय हे, जावईबापू?"

"माठ, मामा."

"दारूत?"

"रंग काढायला."

"आमी तर तेलात परततो," विठ्ठलराव थंडपणे म्हणाले आणि घोंगडीवर टेकले.

आता विज्ञानच आपली अब्रू वाचवील, असं शहादेवाला वाटलं. (बुडणाऱ्याला काहीही वाटतं.) त्यानं पानं बशीत काढली.

"बघा मामा, आता कशी निळी होत्यात!"

आयोडीन पडलं. लाल पान तसंच, हिरवंही तसंच. त्यानं घाईघाईनं आणखी ओतायला घेतलं, आणि उरलेली बाटली निसटून मामांच्या मांडीवर रिकामी झाली. आणि ते खळीचं धोतर बघता बघता काळंनिळं झालं!

"आलं! आलं! आई, बघ, मामांमधी लई स्टार्च हाय!" शहादेव टाळ्या पिटत नाचला. मग त्याला सासऱ्यांचा चेहरा दिसला. संसार सुरू व्हायच्या आधीच संपला, हे त्याला उभ्या जागी कळलं.

"इकडं या. तोंड उघडा."

त्यानं उघडलं. विठ्ठलरावांनी वास घेतला. पुन्हा घेतला. तोंडाला वास नव्हताच! शहादेवाच्या जिवात जीव आला. मामांची खात्री पटली, आता सत्यभामा येणार.

विठ्ठलरावांनी कपाळाला हात लावला.

"विहीणबाई, हे पिलेलं न्हाई."

"न्हाईच! सुपारीसुदिक खात न्हाई माझं लेकरू."

"तेच तर! पिलेलं असतं, तर सकाळपर्यंत उतरली असती. गळ्यात माळ घातली असती, दारू सुटलीबी असती. हे न पिताच असं हाय. पोरगी पाठवू तरी कशाच्या भरवशावर?"