मुन्शीकाकांची उर्दू

आमचे मुन्शीकाका बैलांशी उर्दूत बोलत. औत वळवायचं झालं की कासरा सैल सोडून अदबीनं म्हणत, "जनाब, जरा बाएँ तशरीफ लाइए." सर्जा लगेच वळायचा. राजा मात्र जागचा हलायचा नाही. त्याला मराठीत एक सणसणीत शिवी घातली की मग तोही वळे. काकांचं म्हणणं, "सर्जा पास हाय. राजा उर्दूत कच्चा हाय, माझ्यावानी."

काकांचं खरं नाव रंगनाथ. माझ्या वडलांचे धाकटे भाऊ. मुन्शी म्हणजे लिहिण्यावाचण्यात पटाईत माणूस, आणि काका तर उर्दूत इतक्यांदा नापास झालेले की मोजायचं सगळ्यांनीच सोडून दिलं होतं. पण भोकरदनच्या लोकांची जीभ पहिल्यापासून तिखट. एकदा कोणीतरी 'काय मुन्शी' म्हटलं, तेच नाव जन्माला चिकटलं. काकाही त्या हाकेला 'ओ' देत.

तो निजामाच्या राज्याचा काळ. घरात, शेतात मराठी. पण शाळा आणि कचेरी सगळी उर्दूत. माझ्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. एकदा कचेरीत कारकुनानं मुद्दाम कागद उलटा करून त्यांच्या हातात दिला. आजोबांनी तो उलटाच धरला, वाचल्यासारखं केलं आणि गंभीरपणे मान डोलावली. सगळी कचेरी हसली. आजोबा घरी आले, पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, "रंग्या उर्दू शिकंन." थोरला मुलगा, म्हणजे माझे वडील, तोवर शेतात रुळले होते. तेव्हा उलट्या कागदाची भरपाई करणं धाकट्याच्या वाट्याला आलं.

काकांनी जीव तोडून अभ्यास केला. पण ती लिपी त्यांना वश होईना. एकाच अक्षराच्या पोटात एक टिंब घातलं तर 'ज', तीन घातली तर 'च', आणि पोट रिकामं ठेवून डोक्यावर एक दिलं तर 'ख'. काका म्हणत, "अक्षर हाय का गाभण म्हैस? पोटात किती हायेत, आपल्याला काय म्हाईत?" मग त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली. आधी सगळा मजमून, म्हणजे मजकूर, टिंबांशिवाय लिहून काढायचा आणि शेवटी बी पेरावं तसे वरून नुक्ते टाकत जायचे. नुक्ता म्हणजे टिंब. काही योग्य जागी पडत, काही बांधावर.

तेव्हापासून जगात जे जे बिघडे, त्याचं कारण त्यांच्या लेखी एकच. कोणाची सोयरीक मोडली, "नुक्ता चुकला." कपाशीवर कीड पडली, "नुक्ता चुकला." शेजारच्या तात्यांच्या म्हशीला सलग तिसरा रेडा झाला तेव्हा तात्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मजमून बराबर होता तात्या, नुक्ता चुकला." तात्या आठवडाभर बोलले नाहीत.

दुसरं दुखणं लिंगांचं. उर्दूत पुल्लिंग आहे, स्त्रीलिंग आहे, नपुंसकलिंग नाही. यानं काकांची झोप उडाली होती. मला जवळ बसवून ते कळवळून विचारत, "आपलं ते घर, ते शेत, ते पोरगं. उर्दूत 'ते' न्हाईच. मंग आपलं घर, शेत, पोरगं समदं न्यावं कुठं, सांग बरं?"

गंमत अशी, की बाजारात काकांची जीभ पाण्यासारखी चाले. बांगड्या विकणाऱ्या चाचांच्या ओट्यावर बसून ते तासन्‌तास गप्पा मारत. चाचा खूश होऊन म्हणत, "रंगनाथ, तू तो हमारे से अच्छा बोलता रे!" काका हात जोडत, "चाचा, तो मेरा परचा तुमीच तपासो ना!" पण बाजारातली बोली वेगळी आणि परचा, म्हणजे परीक्षेचा पेपर, वेगळा. शाळेतले मौलवीसाहेब भले गृहस्थ होते. ते म्हणत, "लडका नेक है. कागज देख के घबराता है." हे त्यांनी आजोबांना समजावून पाहिलं. आजोबा म्हणाले, "नेकीचं काय करू? मला कागद वाचणारा पाहिजे."

आजोबांनी परीक्षेसाठी काळी शेरवानी शिवून आणली होती. दर खेपेला ती पेटीतून निघे, दर खेपेला खांद्यात जरा आणखी घट्ट होई. पास झाल्याशिवाय लग्न नाही, असंही आजोबांनी जाहीर केलं होतं. एक-दोन स्थळं वाट पाहून गेली. पुढं आजोबांनी काकांशी बोलणंच टाकलं. काही सांगायचं झालं तर आढ्याकडे बघून सांगत, "कोन्हीतरी बैलाला पानी दाखवा." काका उठून पाणी दाखवत. आजोबा गेले तेही न बोलताच. लग्नाचा विषय मग कोणी काढला नाही, काकांनीही नाही.

आजोबांनंतर ती उर्दू वडलांच्या डोक्यात बसली आणि माझी पाळी आली. वडलांनी मला बजावलं, "भगवान, रंगाजवळ अभ्यासाला बसायचं न्हाई. त्याच्यापाशी शिकशील तर बैलांच्या जमातीत बसशील." जमात म्हणजे इयत्ता. हे काकांच्या देखतच म्हटलं. काका हसले आणि गोठ्याकडे गेले.

सातवीला मी उर्दूत नापास झालो.

नतीजा, म्हणजे निकाल, शाळेच्या अंगणात नावं पुकारून सांगत. ज्याचं नाव येई तो उड्या मारत पळे. नावं संपली, कागदाची घडी झाली, पोरं पांगली. मी तिथंच उभा. दादा, म्हणजे वडील, सकाळी म्हणाले होते, "आज मान खाली घालायला लावू नको." मला घरची वाट धरवेना. पाय आपोआप केळणा नदीकडे वळले. उन्हाळा तोंडावर आला होता, नदी ठिकठिकाणी आटली होती, पण कपारीखालच्या डोहाला अजून पाणी होतं. मला पोहता येत नव्हतं. मी अगदी काठाच्या दगडावर जाऊन बसलो आणि त्या हिरव्या पाण्याकडे बघत राहिलो. काय विचार करत होतो ते सांगवत नाही. ऊन उतरलं तरी उठलो नाही.

मागं घुंगरं वाजली. काका दोन्ही बैल घेऊन आले होते. वास्तविक आमचे बैल शेतातल्या विहिरीवर पाणी पीत, नदीवर कधीच येत नसत. काकांनी त्यांना पाण्यावर सोडलं आणि माझ्या नि पाण्याच्या मधे जी वीतभर जागा होती, तिथं अंग चोरून बसले. धोतर भिजलं. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ना उर्दू निघाली, ना मराठी.

शेवटी मीच विचारलं, "घरी कळलं?"

"कळलं."

"दादा काय म्हनले?"

"म्हनू दे. म्या ऐकून घेतलं तुझ्या वाटचं."

मला रडू फुटलं. त्यांनी थांबवलं नाही. रडून झाल्यावर मी विचारलं, "मी हितं हाये, तुम्हाला कसं कळलं?"

काका पाण्यात बोटं घालून ती निरखत राहिले. मग म्हणाले, "म्याबी हितंच आल्तो. पैल्यांदा नापास झालो तव्हा. ह्याच दगडावर."

"मंग?"

"मंग काय. बसून राह्यलो. वाटलं, कोन्हीतरी येईन हाका मारत. दिवस मावळला. कोन्ही आलं न्हाई. शेवटी भूक लागली, उठलो, घरला गेलो." ते जरा हसले. "जेवनं झाल्ती समद्यायची."

एवढंच. त्यांनी बैलांना बोलावलं, माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

दारातच मला जाणवलं, घरात काहीतरी वेगळं आहे. चुलीवर भाकरी पडलेल्या होत्या, पाट मांडलेले होते, आणि कोणीच जेवलेलं नव्हतं. धाकटी बहीण भुकेनं रडून आईच्या मांडीवर झोपली होती. वडील पाटावर ताठ बसून होते, समोर रिकामं ताट. निघताना काका उंबऱ्यात उभं राहून थोरल्या भावाला म्हणाले होते, "पोरगं आल्याबिगर ह्या घरात कोन्ही घास घ्यायचा न्हाई. दादा, तुम्हीबी न्हाई." आई पुढं सांगायची, रंगूभावजी जन्मात तेवढं एकदाच मोठ्यानं बोलले.

वडलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग होता, पण तो भुकेनं आणि कशानंतरी थकून गेलेला दिसला. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. म्हणाले, "हात धुवून घ्या दोघं."

आईनं पहिली भाकरी माझ्या ताटात घातली. काका माझ्या शेजारी बसले होते. ताटात भाकरी असूनही ते थांबले. मी घास तोंडात घातल्याचं त्यांनी पाहिलं, आणि मग मान खाली घालून जेवू लागले.