सिद्रामप्पांचा दात

मला बढाई मारता येत नाही. तरीही एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. सबंध आयुष्यात मी एकच खोटी नोंद लिहिली, आणि ती इतकी झकास लिहिली की पुण्याहून आलेल्या तपासनीस बाई म्हणाल्या, "या अख्ख्या फाइलीत एवढं एकच पान खरं वाटतं!"

त्यानंतर माझं काय झालं, ते आता सांगतो.

मी अहमदपूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. माणसांशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. पुस्तकं बरी, ती उलट विचारत नाहीत. निवृत्तीनंतर मी घरातल्या जुन्या अंकांची सूची करत बसलो होतो, तेवढ्यात आमचा जुना विद्यार्थी वैजनाथ दारात उभा राहिला. त्याची तुरीची दाल मिल आहे. वडिलांपासूनची.

"सर, मिलला आयएसओ सर्टिफिकेट घ्यायलोय," तो म्हणाला. "हैदराबादचे मोठे दुकानवाले म्हणायलेत, पिशवीवर आयएसओ छापलं तरच डाळ घेऊ. फाइल तयार हाय. नांदेडच्या आनंदराजनं एकवीस दिवसांत करून दिली. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा. आमच्यात ऱ्हस्व-दीर्घ कुणालाच येत न्हाई."

ऱ्हस्व-दीर्घ! हा शब्द कानावर पडला की मी चप्पल शोधायला लागतो.

मिलच्या ऑफिसात गेलो तर टेबलावर फाइल. फाइल कसली, जेवणावळीतल्या पत्रावळींचा गठ्ठाच! शेजारी आनंदराज बसले होते. पांढरे बूट, दोन मोबाइल. ते कंपन्यांना सर्टिफिकेट मिळवून द्यायचा व्यवसाय करत.

मी वाचायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर होतं, "डाळ सुरू करण्यापूर्वी त्यात हवा राहिलेली नाही याची खात्री करावी." पुढं, "डाळाचा आवाज येत असल्यास बेअरिंग बदलावे." त्याच्या पुढं, "डाळ विहिरीत सोडताना दोर पक्का बांधावा. डाळ जळाला असल्यास वायरमनला बोलवावे."

मला जरा चमत्कारिक वाटलं. पण मी पडलो पुस्तकातला माणूस. मिलमधलं मला काय कळतं? असेल काही तांत्रिक भाषा. 'डाळ जळाला' हे मात्र चूकच होतं. डाळ स्त्रीलिंगी. मी तीन दिवस बसून चारशे ठिकाणी डाळीचं लिंग सुधारलं आणि समाधानानं चहा घेतला.

आनंदराजांनी ती फाइल आधी एका पंपाच्या कारखान्यासाठी केली होती, आणि 'पंप' हा शब्द पुसून 'डाळ' टाकायचं काम कॉम्प्युटरला सांगितलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

खिडकीतून मिलचा आतला भाग दिसे. यंत्राच्या तोंडाशी स्टुलावर रुक्मिणबाई बसलेल्या असत. बावीस वर्षं त्या तिथंच बसतात. पडणाऱ्या डाळीतून मूठभर घ्यायची, काळ्या पत्र्यावर पसरायची, बोट फिरवायचं. मध्येच ओरडायचं, "निजामभाई, चाळणी बघा!" मग निजामोद्दीन फिटर यंत्र बंद करून चाळणीला भिडायचा. मला त्याचं फार कुतूहल वाटायचं. विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

चौथ्या दिवशी कर्मचाऱ्यांची यादी हातात आली. तीत रुक्मिणबाई नव्हत्या.

"नियम आहे, काका," आनंदराज म्हणाले. "गुणवत्ता तपासणारा माणूस किमान बारावी सायन्स पाहिजे. बाई तिसरी नापास. ऑडिटच्या आधी त्यांना थांबवावं लागेल."

"मग डाळ कोण तपासणार?"

"तपासणीचा फॉर्म आहे ना! छान, रंगीत आहे."

मी वैजनाथकडं पाहिलं. तो छताकडं पाहत होता. "मावशीला म्या एक तारखेला सांगतो," तो पुटपुटला.

दुपारी डबा खाताना रुक्मिणबाईच माझ्याजवळ आल्या. "गुरुजी, त्या आयेसोच्या कागदात सगळ्यायची नावं हायत म्हणं. माझं हाय का?"

इथं सरळ माणसानं खरं सांगितलं असतं. मी म्हणालो, "हाव."

"बरं झालं बाई. घरी बसून काय भिताड बघू का मी?" असं म्हणून त्यांनी माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी वाढली. ती चटणी संपवून मी थेट ऑफिसातल्या कपाटाशी गेलो.

वैजनाथनं विकत घेतलेलं आयएसओचं मूळ पुस्तक कपाटात होतं. त्याचं एक पानही कुणी उलटलेलं नव्हतं. दोन दुपारी लावून मी ते वाचलं. बारावी सायन्सचा नियम कुठंच सापडेना! परत पहिल्या पानापासून वाचलं. नव्हताच! दुसरा कुणी असता तर पुस्तक आनंदराजांपुढं आपटलं असतं. मला वाटलं, माझंच काहीतरी वाचायचं राहिलं असणार. तोंडानं बोलण्यापेक्षा लेखणीनं काम करावं, असं ठरवलं.

फाइलीत ग्राहकांच्या तक्रारींची वही कोरी होती. "कोरी बरी दिसत नाही," आनंदराज म्हणाले होते. "चार-दोन तक्रारी टाका तुमच्या मनानं." तिथं मी बेत केला. मी लिहिलं:

"तक्रारदार: सिद्रामप्पा, देगलूर. दोन घास आनंदाने जेवल्यानंतर तिसऱ्या घासास दाताखाली खडा आला. वरचा, डावीकडील दुसरा दात पडला. चौकशीत आढळले की त्या दिवशी रुक्मिणबाई रजेवर होत्या. सुधारणा: रुक्मिणबाईंच्या हातून तपासल्याशिवाय एकही पोते बाहेर जाऊ नये. त्यानंतर तक्रार नाही."

झालं! आता बाईंना कोण काढतो बघू! फोन नंबरच्या रकान्याशी मात्र अडलो. मनानं नंबर लिहावा, तर कुण्या परक्या माणसाला त्रास व्हायचा. म्हणून मी माझाच नंबर लिहिला.

एक तारखेला तीन दिवस होते तेव्हाच, ठरल्यापेक्षा लवकर, पुण्याहून तपासनीस ऋतुजा मॅडम आल्या. वय तिशीचं, पायात साधे कॅनव्हासचे बूट, डोळ्यांत शाळेतल्या मुलीसारखी उत्सुकता. त्यांनी फाइल उघडली.

"डाळ विहिरीत का सोडता?" त्यांनी विचारलं.

वैजनाथनं आनंदराजांकडं पाहिलं. आनंदराजांनी माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या चपलेकडं पाहिलं.

मॅडमनी एका हमालाला बोलावलं. "तुमची क्वालिटी पॉलिसी माहीत आहे?"

"हाव जी, दोन हायत. एक माझ्या नावची, एक बायकूच्या. हप्ता थकलाय."

मॅडम पानं उलटत राहिल्या आणि एका पानाशी थांबल्या. परत वाचलं. हसल्या. "हे पान कुणी लिहिलं? 'दोन घास आनंदाने जेवल्यानंतर'! या अख्ख्या फाइलीत एवढं एकच पान खरं वाटतं. मला या सिद्रामप्पांशी बोलायचंय."

आणि त्यांनी नंबर लावला.

आमच्या सूनबाईंनी माझ्या फोनला कोंबड्याचा आवाज लावून दिलाय, दुसरा मला ऐकू येत नाही म्हणून. माझ्या खिशात कोंबडा आरवला! भर ऑफिसात!

"घ... घरून आहे," म्हणत मी बाहेर पळालो. बासष्टव्या वर्षी गुडघ्याचं दुखणं सुरू झाल्यापासून मी एवढा पळालो नव्हतो. पोत्यांच्या थप्पीमागं दडून फोन कानाला लावला. देगलूरचा माणूस म्हणजे बोलण्यात तेलुगू हवं. मला तेलुगूतला एकच शब्द येतो.

"चेप्पंडी मॅडम!" मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. म्हणजे 'सांगा'.

"सिद्रामप्पा का? तुमचा दात कसा आहे?"

"कोणता?"

"पडलेला."

"तो... पडलेलाच हाय."

"मिलनं तुमच्या तक्रारीवर काय केलं?"

हीच ती वेळ! माझ्या अंगात सिद्रामप्पा संचारले. "लई चांगलं केलं! रुक्मिणबाईला बशिवलं तपासायला. तवापासून एक खडा न्हाई! त्या बाईला काढलं ना मॅडम, तर मी डाळ खायाची सोडून देईन!"

"तुमच्या मागं हा आवाज कसला?"

मागं दाल मिल धडधडत होती. "मिक्सर हाय."

"एवढा मोठा?"

"एकत्र कुटुंब हाय, मॅडम."

तेवढ्यात थप्पीच्या पलीकडून रुक्मिणबाईंचं डोकं वर आलं. "ओ गुरुजी! पोत्यामागं दडून कुणासंगं बोलायलेत? अन् मला काढायलेत का?"

मग ऑफिसची खिडकी उघडली, आणि मॅडमचा आवाज मला दोन्हीकडून ऐकू आला, फोनमधून आणि खिडकीतून. "सिद्रामप्पा, आत या."

निजामोद्दीन यंत्रावर रेलून म्हणाला, "गुरुजी, तुम तो गए काम से!"

मी आत गेलो. माझ्या मागं रुक्मिणबाई. त्या थेट वैजनाथसमोर उभ्या राहिल्या. "वैजू, मला काढायलास का रं तू?"

"मावशी, कागदापुरतं हाय हो..."

"कागदापुरती मी घरी बसू? मंग खडे काय तुझा कागद येचील का?"

"मॅडम, या गुरुजींचा कंपनीशी काही संबंध नाही," आनंदराज घाईनं म्हणाले. "ते फक्त वेलांट्या बघतात."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "खोटं का लिहिलंत?"

मग मी सांगितलं. यादी, बारावी सायन्स, चटणी, सगळं. चटणीचं सांगायची गरज नव्हती, पण तोंडातून गेलं.

"बारावी सायन्स हवी, हे आयएसओच्या मानकात कुठं आहे?" मॅडमनी आनंदराजांना विचारलं. त्यांनी फाइल उघडली, मिटली, एक मोबाइल उचलला, दुसरा ठेवला.

"कुठंच नाही," मी खाली मान घालून म्हणालो. "मी दोनदा वाचलंय. काम करणाऱ्याला ते काम येतं याचा पुरावा हवा, एवढंच आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, माझंच एखादं पान राहिलं असेल."

चुकीच्या क्रमानं बांधणी झालेल्या पुस्तकाकडं बघावं, तशा त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग उठल्या. "बाई, तुम्ही काय करता ते मला दाखवाल?"

आम्ही सगळे यंत्राशी गेलो. रुक्मिणबाईंनी मूठ भरली, पत्र्यावर डाळ पसरली. "दर पोत्याला एक मूठ. खडा घावला तर आणिक दोन मुठी घ्यायच्या. त्यातबी घावला तर मिशीन बंद."

"मालकांना न विचारता?"

"त्याला काय कळतंय त्यातलं?"

वैजनाथ पुन्हा छताकडं पाहू लागला.

"आणि याची नोंद कुठं ठेवता?"

"नोंद काय लिव्हायची? म्या खडाच ठिवलाय की!"

भिंतीशी एक फळी होती. तिच्यावर खोकल्याच्या औषधाच्या अकरा रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. एका महिन्याला एक. प्रत्येकीत त्या महिन्यात सापडलेले खडे. पहिल्या तीन गळ्यापर्यंत भरलेल्या. पुढच्या तीन निम्म्याहून कमी. मग दोन पुन्हा चढलेल्या. शेवटच्या तिघींत तळाला जेमतेम चिमूटभर.

"हितं निजामभाईनं चाळणी बदलली, म्हणून उतरले," रुक्मिणबाई बोट ठेवत म्हणाल्या. "हितं परत वाढले. बघा, ह्याच्यात काळी खडी लई हाय. डांबरी रस्त्यावर रास केलेला माल आला हुता. तवापासून ती पोती येगळी लावतोत, दोनदा चाळतोत."

मॅडम फळीसमोर उकिडव्या बसल्या. "हा तर आलेख आहे!" त्या हळूच म्हणाल्या.

"न्हाई मॅडम," निजामोद्दीन म्हणाला, "खोकल्याची बाटली हाय ती."

मीही वाकून पाहत होतो. महिनाभर मी त्या फळीसमोरून जात होतो. पुस्तकात दोनदा वाचलेलं सगळं तिथं मांडून ठेवलं होतं, आणि मला वाटायचं, बाईंना खोकला फार!

त्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं नाही. वैजनाथचा चेहरा पडला. "तीन महिन्यांनी येते," मॅडम म्हणाल्या. "जे करता ते लिहा. जे करत नाही ते लिहू नका. आणि या बाईंना काढलंत, तर तपासायला इथं काही उरणारच नाही, मग मीही येणार नाही."

हैदराबादवाले तीन महिने थांबायला तयार झाले. आनंदराज थांबले नाहीत. मी आणि रुक्मिणबाईंनी नवी फाइल केली. त्या सांगत, मी लिही. सगळी मिळून अठरा पानं झाली. विहीर कुठंही नाही.

तीन महिन्यांनी मॅडम आल्या, बाटल्यांसमोर तासभर बसल्या, आणि सर्टिफिकेट मिळालं. यादीत पहिलं नाव रुक्मिणबाईंचं: गुणवत्ता प्रमुख. फक्त एक शेरा पडला. तो कुणावर, हे सांगायला मला संकोच वाटतो. "नोंदी लिहिणाऱ्या व्यक्तीस प्रत्यक्ष कामाची माहिती अपुरी. प्रशिक्षण द्यावे. प्रशिक्षक: रुक्मिणबाई."

तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्या शेजारी दुसऱ्या स्टुलावर बसतो आणि पत्र्यावर बोट फिरवतो. महिनाअखेरीस माझ्या प्रशिक्षणाचा फॉर्म भरायचा असतो. अक्षर चांगलं म्हणून तो मलाच भरावा लागतो. परवा 'प्रगती' या रकान्याशी आलो आणि लेखणी सरसावून विचारलं, "बाई, इथं काय लिहू?"

रुक्मिणबाईंनी मी तपासलेली मूठ हातात घेतली, पसरली, आणि मला न दिसलेले तीन खडे वेचून बाजूला ठेवले.

"लिव्हा," त्या म्हणाल्या. "माणूस गुणाचा हाय. पर एकट्याला सोडू नका."

लिहिलं. याही वेळी फोन नंबर माझाच लिहिला, पण तक्रार खरी होती, आणि माझ्याबद्दलच.