सखूवन्सं आणि पेशंटचं स्टूल

सखूवन्सं कोणाच्याही आजारपणात दवाखान्यात सोबत जायच्या आणि पेशंटच्या आधी पेशंटच्या स्टुलावर बसायच्या. "काय होतंय?" या प्रश्नाचं उत्तरही त्याच द्यायच्या. खरा आजारी भिंतीला टेकून उभा. मंचरच्या आमच्या डॉक्टरीणबाई शेवटी त्यांना बघताच विचारायला लागल्या, "आज कोणाचं दुखणं आणलंत?"

सखूवन्सं माझ्या थोरल्या नणंद. त्यांचे यजमान बैलांचे व्यापारी. त्यांच्याबरोबर बेल्ह्याचा बैलबाजार करून करून वन्संना सगळं जग बैलासारखं पारखायची सवय लागलेली. नवी चप्पल असो की नवा जावई, "चालवून बघू" हा एकच शेरा. आणखी एक खोड होती. कोणी पाया पडायला वाकलं की त्या पाय लुगड्यात ओढून घ्यायच्या आणि ओटीचा नारळ परत करायच्या. आमच्या अवसरी गावात त्यांना आखडू म्हणायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझी पाळी जायला लागली. मी शाळेत गणित शिकवायचे. फळ्यासमोर उभी राहिले की छातीतून जाळ उठायचा, पोलकं घामाने भिजायचं. झोप तर उडालीच होती. सोपी उदाहरणं चुकायला लागली, तेव्हा नोकरी सोडायची असं मी ठरवत आणलं.

त्यात नवरात्रात शेजारच्या घरी आरतीला गेले. बंद खोली, कापराचा धूर. जाळ उठला आणि माझे हात कापायला लागले. झालं! "आली, आई आली!" कोणी कुंकू फासलं, कोणी पदरात नारळ टाकला. एकीने हात जोडून विचारलं, "आई, माझ्या पोरीचं लगीन कधी जमंल?"

मी कशीबशी म्हणाले, "खिडकी उघडा."

त्या बाईने घरी जाऊन उत्तरेकडची खिडकी खरोखर उघडली म्हणे.

तेवढ्यात सखूवन्सं गर्दीत घुसल्या. "व्हा बाजूला! देवी नाय न् बिवी नाय. पाळी जायला लागलीय तिची. पाणी आणा!" सगळ्या पुरुषांसमोर.

दुसऱ्या दिवशी वन्सं स्टुलावर. "लई जाळ व्हतो, झोप न्हाई, पोरांवर खेकसते." शेवटचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला, घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर होता का ते विचारलं, तपासण्या केल्या. मग हार्मोनच्या गोळ्यांचे फायदे-धोके समजावून त्या सुरू केल्या.

पहिल्या गोळ्यांनी मळमळायला लागलं, छाती ठणकायला लागली. मी म्हटलं, बंद. वन्सं म्हणाल्या, "पयला बैल मारका निघाला म्हणून शेती सोडतं का कुणी? दुसरा चालवून बघू."

दुसऱ्या गोळ्यांनी मधेच अंगावरून जायला लागलं. वन्सं पुन्हा स्टुलावर. "बाई, ह्यो बी जुंपत नाय. जरा गरीब दावा." डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. पण त्यांनी पुन्हा नीट तपासलं, डोस कमी केला, जोडीची गोळी बदलली. काही आठवड्यांनी मी सकाळी उठले आणि लक्षात आलं, रात्री जाग आलीच नव्हती. वर्गात वर्गमूळही पहिल्या फटक्यात निघालं. नोकरी राहिली.

लुगडं आणि नारळ घेऊन वन्संकडे गेले. वाकले. त्यांनी पाय ओढून घेतले.

"नको सुमन. माझ्या वेळंला आई आली म्हणून मला पाटावर बसवली. दर मंगळवारी बाया वट्या भरायच्या. मी सांगत व्हते, मला बरं नाय, झोप नाय. कुणी ऐकंना." नारळ माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, "पाया पडायला लई आल्या गं. दवाखान्यात न्यायला येक नाय."

"मग?"

"मग काय? वर्सं गेली, जाळ गेला. तवर बसले पाटावर."

हे सांगताना त्या गुडघा चोळत होत्या.

"कधीपासून दुखतोय?"

"हाय आपला."

पुढच्या सोमवारी त्यांना मंचरला नेलं. सवयीने त्या स्टुलावर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज कोणाचं दुखणं आणलंत?"

वन्सं दाराकडे बघत राहिल्या, जणू पेशंट अजून यायचाय.

मी भिंतीला टेकून उभी होते. म्हटलं, "यांचंच. गुडघा. लई दुखतो, पण सांगत नाहीत."