ओळख न पटलेले गव्हर्नर

देशाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर श्री. धर्मेंद्र हिलाल पाटील सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता अमळनेर तालुक्यातल्या आपल्या गावच्या बँकशाखेत, टोकन क्रमांक एकोणतीस हातात धरून बाकावर बसले होते. शेजारी त्यांच्या मातोश्री ताईबाई. काम साधं होतं. लॉकरमधल्या पाटल्या काढायच्या आणि परवा जळगावात नातीच्या, सोनलच्या हळदीला आजीनं त्या स्वतः तिच्या हातात चढवायच्या. ब्याऐंशी वर्षांत ताईबाईंनी लेकाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. लॉकर मायलेकांच्या नावावर होता, पण ताईबाईंचा अंगठा मशीन घेत नव्हतं. साठ वर्षं कापूस वेचून त्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. म्हणून गव्हर्नर जातीनं आले होते, तेही लवाजमा जळगावला ठेवून. एक दिवस साधा ग्राहक होऊन बघावं, अशी त्यांना जुनी हौस होती.

साहेबांची कारकीर्द म्हणजे परिपत्रकांचा जिना होता. अधिकारी असताना त्यांनी ठरवलं, की ग्राहकाचं नाव सगळ्या कागदांवर एकच हवं. बढती मिळाली. मग ठरवलं, की ओळख देणारा साक्षीदार ग्राहकाचा नातेवाईक नसावा. पुन्हा बढती. डेप्युटी गव्हर्नर असताना लिहिलेलं एक वाक्य तर देशभर गाजलं आणि प्रत्येक शाखेत चौकट करून लागलं: 'ग्राहकाचे पद पाहून कोणतीही सवलत देऊ नये.' त्या वाक्यानं त्यांना गव्हर्नर केलं. ताईबाईंना यातलं एवढंच ठाऊक होतं, की भटूची सही नोटेवर येते.

घरी ते भटू. शाळेत घालताना गुरुजींनी आपल्या मनानं धर्मेंद्र लावून टाकलं, आणि लॉकर घेताना वडिलांनी सवयीनं घरचंच नाव सांगितलं. त्या काळी माणसाला दोन नावं असणं हा गुन्हा नव्हता. तो पुढे कोणी ठरवला, हे वर आलंच आहे.

शाखेची व्यवस्थापक हेमांगी भुसावळची, नोकरीचं दुसरंच वर्ष. तिनं रजिस्टर पाहिलं, आधार कार्ड पाहिलं.

"सर, लॉकर भटू हिलाल पाटील यांचा आहे. ते कुठे आहेत?"

"मीच तो."

"तसा काही कागद?"

गव्हर्नरांनी पाचशेची नोट काढून तिच्यावरची सही दाखवली. हेमांगीनं नोट उजेडात धरून खरी असल्याची खात्री करून घेतली आणि नम्रपणे सांगितलं, की छापील सही चालत नाही, शिवाय फोटो दुसऱ्या गृहस्थांचा आहे.

"तुम्ही मला खरंच ओळखत नाही?"

"ओळखते ना सर. प्रशिक्षणात तुमचं भाषण ऐकलंय. ओळखणं वेगळं आणि ओळख पटणं वेगळं, असं तुम्हीच सांगितलं होतं."

साक्षीदार हवेत म्हटल्यावर अख्खी रांग पुढे सरसावली. पण वना आबा सख्खे चुलते निघाले, त्यांच्या मागचा मावसभाऊ, त्याच्या मागचा मेहुणा. गावच एका भाऊबंदकीचं. शेवटी बिननात्याचा एक जण सापडला, केळी भरायला आलेला इंदूरचा ट्रकवाला. पण त्यानं साहेबांना जन्मात पाहिलं नव्हतं.

तेव्हा ताईबाई काउंटरला धरून उभ्या राहिल्या. "बाई, हाऊ मन्हा पोऱ्या शे. मी जलम दिन्हा याले. मन्हापेक्षा जास्ती कोन वळखस याले?"

हेमांगीचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनीच तिनं सांगितलं, की आजी सगळ्यात जवळच्या नातेवाईक असल्यामुळे त्यांची साक्ष सगळ्यात आधी बाद होते.

वना आबा कानाशी लागले, एक फोन कर आणि मोकळा हो. गव्हर्नरांनी फोन काढला. दोन मिनिटांत लॉकर उघडला असता. ताईबाई आशेनं त्यांच्या बोटांकडे बघत होत्या. पण समोर भिंतीवर ते वाक्य होतं, खाली त्यांचंच नाव होतं, आणि रांगेतल्या चाळीस जणांनी आपापले मोबाइल चित्रीकरणाला उभे केले होते. साहेबांनी फोन परत खिशात ठेवला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. संध्याकाळपर्यंत देशभर कौतुक झालं, आठवड्याभरात साहेबांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. त्या दिवशी रांगेतल्या एकाचंही काम झालं नाही. टाळ्या संपेपर्यंत जेवणाची सुटी लागली, नंतर सर्व्हर बसला. तरी सगळे हसतमुखानं घरी गेले, कारण साहेबांचंही झालं नव्हतं.

हळदीला ताईबाईंनी सोनलच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या भरल्या आणि तिच्या मनगटांवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या. भटूशी त्या बोलल्या नाहीत. साहेबांना ते फार लागलं. आपल्यावर आली ती वेळ कोणावरही येऊ नये, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि परत जाताच त्यांनी नवं परिपत्रक काढलं: प्रत्येक ग्राहकानं आपलं घरचं नाव प्रतिज्ञापत्रावर लिहून, दोन बिननात्याच्या साक्षीदारांसह शाखेत नोंदवावं. न नोंदवल्यास खातं गोठवण्यात येईल.

आता सांगा, तुम्हाला घरी काय म्हणतात? मघाशी साहेबांची फजिती वाचताना हसत होतात, ते ठीक आहे. पण मुदत एकतीस तारखेपर्यंतच आहे, आणि रांग पार एसटी स्टँडपर्यंत गेली आहे.