पंप जळला, शब्द दिला गेला

मोठी माणसं बोलत असताना ‘कोण?’ असं विचारायचं नाही, असा तुस्कानोंच्या घरात नियम होता. ‘कधी’ विचारलेलं चालत असे. ‘कुठे’ विचारलं तर क्वचित उत्तरही मिळे. ‘का’ विचारणाऱ्याकडे जरा वेळ नुसतं बघितलं जाई. पण ‘कोण’, ‘कोणी’ आणि ‘कोणाला विचारून’ हे शब्द गिरीज गावातल्या त्या घरात चपलांच्या शेजारी काढून ठेवूनच आत यायचं असे. हा नियम कोणी केला, हे विचारायची अर्थातच सोय नव्हती.

विनी बी.ए. झाली होती, तीही मराठी घेऊन. (मराठी घरात सगळ्यांनाच येत होतं. त्यामुळे ही मुलगी कॉलेजात जाऊन नेमकं काय शिकून आली, याचा मोठ्या बाबांना उलगडा झाला नव्हता.) मोठे बाबा म्हणजे तिच्या पप्पांचे थोरले भाऊ, आलोशियस. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. पहिलाही त्यांचाच. मधले शब्द पप्पांना, म्हणजे सेबॅस्टियनना, बोलायची मुभा होती; पण त्यांनी ती आजवर फारशी वापरली नव्हती.

ब्याऐंशी सालचा तो ईस्टरआधीचा उपवासकाळ मरगळ घेऊनच आला. विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं, केळीची पानं कडेने करपायला लागली होती आणि पंप जळला होता. उपवासाच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे राखेच्या बुधवारपासून, घरात मटण बंद झालं. हसणं त्याच्या बरंच आधी बंद झालेलं होतं.

अशा घरात विनीने बी.एड.चा फॉर्म आणला, सुवाच्य अक्षरात भरला आणि आईच्या साखरेच्या डब्याखाली ठेवला. ‘पालकाची सही’ एवढी एकच रेघ रिकामी होती. शनिवार शेवटचा दिवस. सोमवारी तिने पप्पांना सही मागितली.

पप्पा कोबीच्या रोपांना बादलीने पाणी घालत होते. ते म्हणाले, "दादाला विचार."

मोठे बाबा पंपाशेजारी उकिडवे बसले होते. जळलेल्या पंपाकडे ते रोज तासभर बघत. ते म्हणाले, "आता कशाला बी.एड. नि फीएड.? शब्द दिला गेलाय."

"कसला शब्द?"

"होळी गावच्या फर्डिनंड मास्तरांचा पुतण्या आहे. प्लासिड. बँकेत आहे. नालासोपाऱ्याला नवा ब्लॉक घेतलाय. शुक्रवारी बघायला येतायत."

"शब्द कोणी दिला?"

मागे ओट्यावर आईच्या हातून पातेलं पडलं. मोठे बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त तेच वाक्य, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं, हळूहळू पुन्हा सांगितलं. "दिला, गेला, आहे."

विनी आईकडे गेली. आई म्हणाली, "तुझ्या पप्पांनाच ठाऊक." पप्पा म्हणाले, "दादाच्या कानावर आलं होतं." मोठे बाबा म्हणाले, "सगळ्यांचंच तसं मत पडलं." म्हणजे घरातल्या तिन्ही माणसांनी काहीच केलं नव्हतं आणि शुक्रवारी तिचं लग्न ठरत होतं.

त्या संध्याकाळी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे पुढे जे घडलं त्याचं खरं कारण.

विनीच्या थोरल्या भावाची जुळी, लूर्डस आणि कॉन्रॅड, त्या वर्षी चौथीच्या स्कॉलरशिपला बसली होती. (भाऊ बहरीनला, वहिनी दिवसभर दवाखान्यात नर्स, त्यामुळे अभ्यास विनीच्या गळ्यात.) धडा होता उद्देश्य आणि विधेय. पुस्तकात वाक्य होतं, ‘राजू पतंग उडवतो.’

"ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य," विनी म्हणाली. "त्याच्याविषयी जे बोललं ते विधेय. सापडत नसेल तर क्रियापदाला विचारायचं, कोण? कोण उडवतो?"

"राजू," कॉन्रॅड म्हणाला. "राजू कोण?"

"कोणी का असेना."

"मग आपल्याला काय त्याचं?"

एरवी तिने त्याला टपली मारली असती. पण त्या दिवशी तिला ते पटलं. राजूचं आपल्याला खरंच काही नव्हतं. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "आपल्या घरात जी वाक्यं ऐकू येतात ती वहीत लिहा. शुक्रवारपर्यंत दहा. प्रत्येकाला ‘कोण’ विचारा."

ज्या घरात एक ‘कोण’ खपत नव्हता, तिथे तिने दोन नऊ वर्षांची पोरं शंभर ‘कोण’ देऊन सोडली. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

मंगळवारी सकाळी मोठ्या बाबांनी नेहमीप्रमाणे सुस्कारा टाकला, "पंप जळला."

"कोण जळलं?" लूर्डसने वही उघडली.

"पंप."

"उद्देश्य पंप," तिने लिहिलं. मग पेन्सिल ओठांत धरून जरा विचार केला. "मोठे बाबा, पंप आपला आपणच जळला?"

"मग काय."

"पण विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असताना तो चालू कोणी केला?"

मोठे बाबा उठून वाडीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत तिथे काही नसलेलं बघत उभे राहिले.

बुधवारी ‘दूध उतू गेलं’ झालं. ‘गेट उघडं राहिलं’ झालं. ‘गाईने पालक खाल्ला’ हे त्या आठवड्यातलं एकुलतं एक असं वाक्य निघालं की ज्यात करणाऱ्याने केलेलं कबूल होतं. गुरुवारी आईने विनीला गाठलं. "पोरांना काय शिकवलंयस तू? मी नुसतं म्हटलं, मिठाची बरणी फुटली, तर कॉन्रॅड माझ्या हाताकडे बघतो."

"व्याकरण आहे, आई. परीक्षेला येतं."

"परीक्षेला बरणी येते?"

शुक्रवारी चारच्या सुमाराला पाहुणे आले. सहाला देवळात क्रुसाच्या वाटेची प्रार्थना होती, तेव्हा दोन तासांत सगळं उरकायचं होतं. फर्डिनंड मास्तर पुढे, प्लासिड मागे. मास्तर पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. शर्टाच्या खिशाला त्यांचं काळं पेन होतं. प्लासिड तीसएक वर्षांचा, उंच, कुठेही बसला तरी कोणाच्या तरी जागेवर बसल्यासारखा दिसणारा माणूस. त्याने टोपलीतलं एक केळं उचललं आणि ते सोलायचं की ठेवायचं, यावर बराच वेळ विचार केला.

आईने भजी आणि चहा आणला. मास्तरांनी एक घोट घेतला आणि कप बशीत टेकवला.

"पाणी मचूळ झालंय," पप्पा म्हणाले.

"होतं हल्ली," मास्तर म्हणाले.

आईने ओशाळून अख्खा साखरेचा डबाच आणून टेबलावर ठेवला. ओल्या बुडाला एक कागद चिकटून आला होता. तो आपला फॉर्म असल्याचं विनीने ओळखलं. पाहुण्यांसमोर डबा उचलून कागद सोडवायचा कसा, हे तिला सुचेना.

बोलणं काही पुढे सरकेना. तेव्हा मोठ्या बाबांनी खाकरून घेतलं. "आमची विनी पोरांना शिकवते. स्कॉलरशिपचं. मास्तर, तुम्हीच परीक्षा घ्या त्यांची." मुलीचे गुण दाखवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, स्वयंपाकाचा विषय त्यांनी समजून उमजून टाळला असावा.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी प्रथमच मास्तरांचा चेहरा उजळल्यासारखा झाला. "काय चाललंय?"

"उद्देश्य आणि विधेय," दोघं एकदम म्हणाली. कॉन्रॅड वही घेऊन आला. विनी म्हणाली, "वही नको रे, पाठ आहे तेच सांग." पण मास्तरांनी हात पुढे केला होता आणि खिशातून पेन काढलं होतं. पस्तीस वर्षांची सवय.

"वाच," ते म्हणाले.

"पंप जळला. उद्देश्य पंप, विधेय जळला."

"छान."

"मोठ्या बाबांपुढे बोलायची सोय नाही. उद्देश्य सोय."

"हं. पुढे."

पप्पा भजीच्या ताटलीत बघायला लागले. कॉन्रॅड पुढचं वाक्य खणखणीत आवाजात वाचू लागला. "मुलगा जरा मंद आहे, पण ब्लॉक स्वतःचा आहे. उद्देश्य मुलगा, विधेय जरा मंद..."

"थांब," मास्तर म्हणाले.

आईने कॉन्रॅडला डोळ्यांनी दटावलं.

"चुकलास," मास्तर म्हणाले. "इथे वाक्यं दोन आहेत. ‘पण’ने जोडली आहेत. एकाचं उद्देश्य मुलगा, दुसऱ्याचं ब्लॉक. मुलगा, जरा मंद आहे. ब्लॉक, स्वतःचा आहे. आलं लक्षात?" त्यांनी वहीत दुरुस्ती केली, खाली रेघ मारली, आणि रेघ मारता मारता त्यांचा हात संथ होत होत थांबला.

"हा मुलगा कोण?" त्यांनी विचारलं.

लूर्डसला आनंद झाला. इतक्या दिवसांत मोठ्या माणसाने ‘कोण’ विचारल्याचं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. "प्लासिड अंकल," ती म्हणाली.

"आणि हे कोणी म्हटलं?"

आईने पप्पांकडे बघितलं, पप्पांनी मोठ्या बाबांकडे. "म्हणण्यात आलं असेल कधीतरी," मोठे बाबा म्हणाले.

"घरीही तसंच म्हणतात," प्लासिड म्हणाला. तो आल्यापासून प्रथमच बोलत होता, म्हणून सगळे दचकले. केळं अजून त्याच्या हातात होतं. "आणि ब्लॉकचं कर्ज फिटलेलं नाही. तेवढं दुरुस्त करा."

मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने केळं टोपलीत ठेवलं. पण वही अजून मास्तरांच्या मांडीवर होती, आणि त्यांच्या हातात पेन असताना अर्धवट तपासलेली वही त्यांनी आयुष्यात परत केली नव्हती. शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःच वाचलं.

"शब्द दिला गेला आहे. उद्देश्य, शब्द. बरोबर." मग त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. "पुढे कंसात काय लिहिलंय? कोणी दिला, सापडत नाही."

"सगळ्यांना विचारलं," लूर्डस म्हणाली. "कोणीच नाही दिला."

"कर्ता अध्याहृत आहे," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे असतो. पण दिसत नाही. वाक्यात नाव घेतलेलं नसतं."

"तुम्ही दिला?"

"मी? आम्हाला इकडून शब्द आला होता." मास्तरांनी मोठ्या बाबांकडे पाहिलं. मोठ्या बाबांनी विहिरीकडे पाहिलं. "प्लासिड, तुला कोणी विचारलं होतं?"

"शनिवारी कळवण्यात आलं," प्लासिड म्हणाला.

विनीने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तिला त्याचा राग करायचा होता, आणि राग करण्याजोगं त्याच्यात काहीच नव्हतं. समोर एक पंप बसला होता, दुसऱ्यांनी चालू करावा तेव्हा चालणारा. आपण होकार दिला तर नालासोपाऱ्याच्या त्या ब्लॉकमध्ये दोन पंप राहतील आणि संध्याकाळी एकमेकांना सांगतील, की दूध उतू गेलं, दिवस संपला. ती उठून उभी राहिली.

"हे जमणार नाही," ती म्हणाली.

मोठे बाबा म्हणाले, "खाली बस."

पण लूर्डसने मान वर केली होती. "कोणाला जमणार नाही, आत्या?"

विनी थबकली. मराठी घेऊन बी.ए., दुसरा वर्ग, आणि आयुष्यातलं पहिलं बंड तिने बिनकर्त्याच्या वाक्यात केलं होतं. याच घरची होती ती शेवटी.

"मी," ती म्हणाली. "मी हे लग्न करणार नाही. मी बी.एड. करणार. शब्द मी दिलेला नाही, त्यामुळे तो मी पाळणार नाही. आणि मोठे बाबा, पंप तुम्ही जाळलात."

मोठ्या बाबांनी तोंड उघडलं. पण त्यांना जे वाक्य सुचलं असेल त्याला कर्ता लागत असावा, कारण त्यांनी ते पुन्हा मिटलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मास्तरांनी चहाचा कप उचलला, आणि खारट असल्याचं आठवून खाली ठेवला. बाहेर केळीच्या करपलेल्या पानांचा आवाज तेवढा येत होता.

ही शांतता विनीला आवडली. तिला वाटलं, आपण जिंकलो.

कॉन्रॅडने मात्र साखरेसाठी डबा उचलला होता आणि बुडाचा कागद सोडवून तो वाचत होता. "पालकाची सही," तो म्हणाला. "आत्या, हे वाक्यच नाही. यात क्रियापद नाही."

"दे इकडे."

"सही कोण करणार?" लूर्डसने विचारलं.

विनीने पप्पांकडे बघितलं. पप्पांनी मोठ्या बाबांकडे. मोठे बाबा खिडकीतून पंपाकडे बघत होते. उद्या शनिवार होता. कोणीच काही बोललं नाही, आणि या वेळी न बोलणाऱ्यांत विनीही होती.

लूर्डसने शहाण्या मुलीसारखी थोडा वेळ वाट बघितली. मग मास्तरांचं काळं पेन उचललं, आणि त्या रिकाम्या रेघेवर, पुसता येणार नाही अशा शाईने, वळणदार अक्षरात लिहिलं: ‘पालक अध्याहृत.’